'अपरूटेड'मधले रान: शेवटी उलगडणारे कारण त्याची दहशत कमी करते का?

शब्दवेल

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दहावी ते बारावीच्या मुलामुलींचा एक वाचनगट आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासोबत एखादी मोठी इंग्रजी कादंबरी सलग वाचावी, असा माझा विचार आहे. नाओमी नोविक यांची २०१५ साली प्रसिद्ध झालेली 'अपरूटेड' मी निवडली आहे. तिला त्या वर्षीच्या कादंबरीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला होता. परीकथेच्या वळणाने जाणारी, किशोरवयाच्या उंबरठ्यावरची नायिका असलेली आणि केंद्रस्थानी एक भारलेले रान असलेली कादंबरी मुलांना आवडेल, याविषयी मला शंका नाही. माझे दोन प्रश्न आहेत. ते नीट मांडायचे तर कथानकाचा शेवट उघड करावा लागेल, त्यामुळे ज्यांना ती अजून वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. पोलंडच्या धर्तीवर रचलेल्या पोल्न्या नावाच्या राज्यात एक खोरे आहे, त्यातून स्पिंडल नदी वाहते आणि खोऱ्याच्या कडेला रान पसरलेले आहे. ते रान दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकते. खोऱ्याचे रक्षण करणारा जादूगार एका मनोऱ्यात राहतो, लोक त्याला 'ड्रॅगन' म्हणतात आणि दर दहा वर्षांनी तो सतरा वर्षांची एक मुलगी आपल्याकडे घेऊन जातो. या खेपेला देखणी आणि धीट काशाच जाणार, असे सगळे गाव धरून चाललेले असते. प्रत्यक्षात तो नेतो तिची मैत्रीण आग्नेश्का हिला, म्हणजे या कथेच्या नायिकेला. तिचे कपडे नेहमी मळलेले आणि फाटलेले असतात आणि आपल्या अंगात जादू आहे याची तिला स्वतःलाच कल्पना नसते.

पहिला प्रश्न असा. पुस्तकाच्या पाऊण भागापर्यंत हे रान मला अक्षरशः अस्वस्थ करत राहिले, कारण त्याला बुद्धी आहे आणि त्याच्याशी बोलता मात्र येत नाही. जादूगार दूर गेला आहे हे हेरून ते ड्वेर्निक गावावर लांडगे सोडते, लांडगे गुरांना चावतात आणि घरच्याच गुरांमधून विष गावात शिरू पाहते. शेजारच्या रोस्याशी चाललेले पोल्न्याचे वैरही ते आपल्या सोयीने वापरून घेते. आणि मग शेवटी कळते की या सगळ्याच्या मुळाशी एक राणी आहे, तिच्यावर अन्याय झाला होता आणि त्या रागातून हे सारे घडले. येथे माझे मन जरा खट्टू झाले. जे अगम्य होते ते एकदम समजण्याजोगे झाले. मुलांशी चर्चा करताना हा शेवट मी कसा मांडावा? तो कादंबरीचा दुबळा भाग आहे, की माझ्या वाचनातून काही निसटले आहे?

दुसरा प्रश्न व्यावहारिक आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ही कादंबरी द्यावी का?

---

रानवाट

शब्दवेलताई, पहिल्या प्रश्नाविषयी माझे मत तुमच्या मताच्या अगदी उलट आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रान माणसांचे नेमके काय करते, याकडे पुन्हा एकदा पाहावे. ते अनेकांना मारते हे खरे, पण त्याची खरी शिक्षा वेगळी आहे. ते माणसाला उचलून नेते आणि एका झाडाच्या खोडात जिवंत कोंडते. काशाला रानातले काटकुळे प्राणी पकडून नेतात आणि आग्नेश्का तिच्या मागावर जाते तेव्हा ती सापडते ती अशाच एका झाडाच्या, म्हणजे हृदयवृक्षाच्या, सालीआड, श्वास चालू असलेली. पोल्न्याच्या राजाची राणी हान्ना वीस वर्षे याच स्थितीत असते. वाचताना आपण एवढेच समजतो की ही रानाची विकृती आहे आणि लेखिकेने भयासाठी योजलेली एक प्रभावी कल्पना आहे.

आता शेवट आठवा. रानातल्या वृक्षकुळातली एक राणी माणसांच्या राजाशी लग्न करून मनोऱ्यात राहायला जाते. राजा मरतो, त्याची माणसे तिला घाबरतात आणि त्याच राजाच्या थडग्यात तिला जिवंत बंद करतात. ती कशीबशी बाहेर पडून आपल्या माणसांकडे परत येते, तर त्यांनी वृक्षरूप घेतलेले असते आणि राजाचे लोक त्यांच्यावर कुऱ्हाडी चालवत असतात. म्हणजे जिवंत कोंडण्याची शिक्षा ही तिने शोधलेली नाही, तिच्यावर जे गुदरले तेच ती परत करते आहे. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना काशाच्या सुटकेचे प्रकरण मला पहिल्यापेक्षा अधिक भयानक वाटले, कारण त्या सालीमागे आता मला थडग्याची भिंतही दिसत होती. कारण कळल्याने दहशत ओसरते, हे येथे तरी खरे नाही.

शिवाय ज्याला तुम्ही एकदम आलेला उलगडा म्हणता, त्याची तयारी लेखिका फार आधीपासून करते. काशाला झाडातून बाहेर काढल्यावरही तिच्यातले विष गेलेले नसते. अशा माणसाला मारून टाकणे हाच रिवाज असतो आणि जादूगारही तोच सल्ला देतो. आग्नेश्का हट्टाला पेटते. दोघे मिळून 'समनिंग' हा मोठा मंत्र म्हणतात आणि त्याच्या उजेडात दोन्ही मैत्रिणींना एकमेकींचे मन उघडे दिसते. काशाला लहानपणापासून 'तू जाणारच' म्हणून वाढवलेले होते, तिची आईसुद्धा माया आवरूनच वागलेली होती आणि जिला कोणी नेणार नव्हते त्या मैत्रिणीचा तिने मनोमन द्वेष केलेला होता. आग्नेश्कालाही काशाचा हेवा वाटत असे आणि नेली जाणार ती काशाच, या विचाराने तिला आतून हायसे वाटलेले असे. रानाने नेमका याच जागी पाय रोवलेला असतो. हे सगळे एकमेकींसमोर कबूल होते तेव्हाच विष सुटते. राणीची कथा शेवटी येते तेव्हा तिच्याशी काय करायचे, हे आग्नेश्काला माहीत असते, कारण आपल्या मैत्रिणीसाठी ती तेच करून बसलेली असते.

माझी विनंती एवढीच आहे की मुलांसमोर शेवट दुबळा आहे अशी प्रस्तावना आधीच करू नये. त्यांना थडगे आणि झाड यांचा संबंध स्वतः जोडू द्यावा.

---

दीपमाळ

रानवाट यांचा प्रतिसाद आवडला आणि थडगे व हृदयवृक्ष यांच्यातला संबंध निर्विवाद आहे. तरीही मूळ प्रश्नात तथ्य आहे असे मला वाटते. माझा आक्षेप कारण सांगण्यावर नसून ते ज्या पद्धतीने सांगितले जाते तिच्यावर आहे. राणीचा सारा इतिहास आपल्याला काही पानांत, बव्हंशी एका दर्शनातून मिळतो. पाऊण पुस्तक आपण दरबार, खटला, मनोऱ्याचा वेढा आणि असंख्य सैनिकांचे मृत्यू यांतून गेलेलो असतो. इतक्या मोठ्या लढाईनंतर एवढा महत्त्वाचा भाग घाईने उरकल्यासारखा वाटतो. थडग्यातल्या त्या काळाला आणखी एक पूर्ण प्रकरण मिळायला हवे होते.

दुसरे असे की जुन्या परीकथांमधले रान कधीच आपले कारण सांगत नाही आणि त्यातच त्याचे बळ असते. ग्रिम बंधूंची हान्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट घ्या. मुलांना रानात नेऊन सोडले जाते ते घरात खायला अन्न उरलेले नसते म्हणून. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हा सल्ला देणारी त्यांची सख्खी आई आहे. १८४०च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. रान मात्र दोन्ही आवृत्त्यांत तसेच आहे. त्याला मुलांशी वैर नाही आणि मायाही नाही. दुष्काळात मनुष्यवस्तीतून बाहेर टाकलेली मुले जेथे जाऊन पोहोचतात, ती ही जागा. तिथे चेटकिणीचे घर आहे खरे, पण ते घर तिथे का आहे, चेटकीण अशी का झाली, हे ग्रिम सांगत नाहीत आणि लहानपणी आपल्यापैकी कोणी ते विचारलेही नाही.

पूर्व युरोपातल्या लोककथांमधली रानात राहणारी चेटकीण बाबा यागाही तशीच. अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध केलेल्या रशियन कथासंग्रहात वासिलिसाची गोष्ट आहे. सावत्र आई आणि बहिणी तिला विस्तव आणायला यागाच्या झोपडीकडे पाठवतात. यागा तिला राबवून घेते, खाऊन टाकण्याची धमकी देते आणि शेवटी डोळ्यांतून जाळ फेकणारी एक कवटी देऊन घरी धाडते. तोच जाळ घरच्या छळणाऱ्या बायकांना जाळून टाकतो. यागा चांगली की वाईट, या प्रश्नाला तिथे उत्तर नाही.

गंमत म्हणजे 'अपरूटेड'मध्ये यागाचा उपयोग फार जाणतेपणाने केलेला आहे. ती कथेच्या काळात केव्हाच होऊन गेलेली आहे, मागे उरली आहे तिची एक छोटी वही. जादूगाराच्या लेखी ती वही निरुपयोगी आहे, कारण त्याचे मंत्र म्हणजे अचूक उच्चार, ठरलेल्या मात्रा आणि काटेकोर क्रम. आग्नेश्काला ते मंत्र थकवून टाकतात आणि यागाच्या वहीतले सैलसर मंत्र मात्र लगेच जमतात. जादू म्हणजे तिच्यासाठी रानात फळे वेचत हिंडण्यासारखे आहे, जिथे वाट दर खेपेला वेगळी असते. हा भाग मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत सरस वाटतो. दोघे मिळून गुलाबाचा आभास निर्माण करतात, तो प्रसंग मुलांना जरूर वाचून दाखवावा. त्याचा गुलाब पाकळी न् पाकळी रेखीव असतो, तिच्या जादूने त्याला मुळे आणि फांद्या फुटतात आणि पाहता पाहता भोवताली गुलाबांचे दाट रान उभे राहते. शत्रू म्हणून दाखवलेले रान आणि नायिकेच्या अंगात असलेले रान, अशा दोन रानांची ही कथा आहे. म्हणूनच पहिल्याचा उलगडा सावकाश व्हायला हवा होता, असे मी म्हणते.

---

तिसराप्रहर

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते आणि घरात सोळा वर्षांची मुलगी आहे.

ही कादंबरी प्रकाशकाने प्रौढ वाचकांसाठी म्हणून काढली होती. नायिका सतरा वर्षांची असल्यामुळे आणि बाज परीकथेचा असल्यामुळे ती किशोर वाचकांच्या याद्यांत सर्रास दिसते. आपण मोठ्यांनी पुढील गोष्टी आधी माहीत करून घ्याव्यात, असे मला वाटते.

सुरुवातीच्याच भागात राजपुत्र मारेक आग्नेश्काच्या खोलीत येऊन तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती जादूचा आधार घेते आणि हाताशी आलेल्या तबकाने त्याला हाणते. प्रसंग आटोपशीर आहे, पण त्यानंतर जादूगार तिच्यावरच चिडतो, आणि याबद्दल मुलांशी बोलणे भाग आहे. पुढे वेढ्याच्या काळात आग्नेश्का आणि जादूगार यांच्यात परस्परसंमतीचा एक शारीरिक प्रसंग आहे आणि तो सूचक नाही, स्पष्ट आहे. त्याचे वय शंभरहून खूप अधिक आहे, तिचे सतरा. पहिले कितीतरी महिने तो तिला मूर्ख, गबाळी, निरुपयोगी असेच संबोधत असतो. 'तो बोलतो कठोर, पण मनाने चांगला आहे' हा समज आपल्या मुलींच्या डोक्यात चित्रपटांनी आधीच पुरेसा भरवलेला आहे, त्यामुळे हे नाते मला खटकते आणि मी ते मुलांपासून लपवणार नाही. मात्र लेखिकेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. तो मुली का नेतो, याचे उत्तर मिळते तेव्हा त्याच्या भित्रेपणाचाही उलगडा होतो. खोऱ्याच्या शक्तीशी जोडून राहायला त्याला खोऱ्यातल्याच माणसाची गरज असते, स्वतः तिथे रुजण्याची मात्र त्याची तयारी नसते. दहा वर्षांनी त्या मुली मोकळ्या होतात तेव्हा त्यांचे खोऱ्याशी असलेले नाते तुटलेले असते आणि त्या गावात राहात नाहीत. आग्नेश्का हे त्याला तोंडावर सुनावते.

याखेरीज युद्धातली हिंसा बरीच आहे. राजवाड्यातले मृत्यू आणि राजघराण्यातल्या लहानग्या स्टाशेक आणि मारिशाचे आई-वडील गमावणे हे भाग जड जातात.

माझा सल्ला: बारावीच्या मुलांना जरूर द्या, पालकांना आधी स्पष्ट कल्पना देऊन. दहावीच्या मुलांसाठी याच लेखिकेची २०१८ची 'स्पिनिंग सिल्व्हर' अधिक योग्य ठरेल. तीत असा स्पष्ट शारीरिक प्रसंग नाही. एका ज्यू सावकाराची मुलगी, दारुड्या बापाच्या हातचा मार खाणारी शेतकऱ्याची मुलगी आणि एका सरदाराची मुलगी अशा तिघींची ती कथा आहे, आणि तिच्यातही रानातून हिवाळा घेऊन येणारे लोक आहेत. घरातली मारहाण तीत आहे, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे.

---

कातळफूल

चर्चा उत्तम चालली आहे. मला फक्त रानाच्या भूगोलाविषयी थोडे सांगायचे आहे, कारण मुलांना ते नक्की आवडेल.

लेखिकेच्या आईचे घराणे पोलिश आणि तिथल्या परीकथा लेखिकेने लहानपणी ऐकलेल्या. कथेतले रान काल्पनिक असले तरी त्यामागे उभी राहणारी प्रतिमा पोलिश माणसाला परकी नाही. पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर ब्याओवियेझा नावाचे अरण्य आहे. युरोपच्या मैदानी प्रदेशावर एके काळी जे आदिम जंगल पसरलेले होते, त्याच्या उरलेल्या मोठ्या तुकड्यांपैकी ते एक. युरोपीय गवा तिथल्या रानातून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नामशेष झाला होता, बंदिस्त ठेवलेल्या गव्यांपासून तो पुन्हा वाढवून १९५२ साली मोकळा सोडण्यात आला. १९७९पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तरीही २०१६ साली पोलंडच्या सरकारने तिथे वाढीव वृक्षतोडीला परवानगी दिली. खोडकिड्याचा प्रादुर्भाव हे त्यासाठी कारण दिले गेले. २०१८ साली युरोपीय न्यायालयाने ती तोड बेकायदा ठरवली. कादंबरी या प्रकरणाच्या आधीची आहे, त्यामुळे तिचा त्याच्याशी थेट संबंध लावू नये. पण जुन्या झाडांवर कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसांकडे स्वतःची कारणे नेहमीच तयार असतात, हे मुलांना त्यातून दाखवता येईल. मनोऱ्यातल्या राजाच्या लोकांकडेही ती होती.

आपल्याकडच्या मुलांना या विषयाशी जोडून घ्यायचे असेल तर देवराईपासून सुरुवात करावी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर जे काम केले, त्यातून हे स्पष्ट झाले की देवाच्या धाकाने लोक जिथली काटकीही उचलत नाहीत, तिथे जुने अरण्य टिकून राहिले. देवराईत माणूस आणि रान यांच्यात काही नियम ठरलेले असतात: काय तोडायचे नाही, कधी आत जायचे, कोणाची परवानगी घ्यायची. पोल्न्याच्या खोऱ्यात असा करार पूर्वी झाला होता, त्या राणीच्या लग्नाच्या रूपाने, आणि माणसांनी तो मोडला. शब्दवेल यांच्या पहिल्या प्रश्नाकडे मी या बाजूने पाहतो. आग्नेश्का शेवटी रान जाळत नाही. राणी वृक्षरूप घेऊन आपल्या बहिणीशेजारी विसावते, तरीही रानातले विष एका दिवसात जात नाही. आग्नेश्का तिथेच राहून एकेक हृदयवृक्ष शोधत, त्यातल्या अडकलेल्यांना मोकळे करत हिंडते. मोडलेला करार पुन्हा उभा करण्याचे हे काम आहे आणि ते पुस्तक संपल्यावरही चालूच राहणार आहे.

---

शब्दवेल

सर्वांचे मनापासून आभार. रानवाट यांनी दाखवलेला थडग्याचा आणि झाडाचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो समजल्यावर शेवटाची प्रकरणे काल रात्री पुन्हा वाचली. दीपमाळ यांचे म्हणणेही मला पटते, तो भाग घाईचा आहे. पण आता मला तो अनावश्यक वाटत नाही. आणखी सविस्तर असता तर बरे झाले असते, असे वाटते.

तिसराप्रहर यांच्या सल्ल्याप्रमाणे गट दोन भागांत करते आहे. बारावीची मुले 'अपरूटेड' वाचतील आणि त्यांच्या पालकांना पुस्तकातल्या त्या दोन प्रसंगांची माहिती आधी लेखी देईन. दहावी-अकरावीसाठी 'स्पिनिंग सिल्व्हर'. एकच शंका उरली आहे. काशाच्या सुटकेचे प्रकरण मोठ्याने वाचून घ्यायचे ठरवले आहे. 'समनिंग'च्या उजेडात दोघींची मने उघडी होतात तो भाग वाचून लगेच चर्चा घ्यावी, की आधी मुलांना काही लिहायला सांगावे?

---

तिसराप्रहर

आधी लिहायला सांगा. मैत्रीतल्या हेव्याविषयी पंधरा मुलांसमोर तोंडाने कोणी बोलणार नाही, कागदावर मात्र बोलतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. कागदावर नाव लिहायला लावू नका आणि ते कागद वर्गात वाचूनही दाखवू नका. चर्चा काशा आणि आग्नेश्का यांच्यापुरतीच ठेवा. ज्याला जे स्वतःला लावून घ्यायचे आहे, ते तो घेईल.

---

रानवाट

सहमत. आणि शक्य असल्यास त्या दिवशी आईने काशाला कसे वाढवले, त्याविषयीचा सुरुवातीचा भागही सोबत वाचावा. तो आधीच्या प्रकरणांत विखुरलेला आहे, त्यामुळे मुलांच्या हातून निसटण्याची शक्यता आहे. तो वाचल्याशिवाय काशाचा राग त्यांना अकारण वाटेल.